झेंड्यांच्या मधोमध

३ डिसेंबर
पोचले एकदाची! ट्रेलरवर फ्रिज, टपावर गादी, शेजारच्या सीटवर पट्टा बांधून बसवलेला माझ्या नवऱ्याच्या, कॉलिनच्या राखेचा डबा आणि माझ्या तोंडात सॉसेज रोल, अशी माझी वरात आज दुपारी हॅलोरन्सच्या किनाऱ्यावर येऊन थडकली. डांबरी रस्ता सुटल्यापासून नुसती धूळ खात होते. शेवटच्या टेकडीवर समुद्र दिसला आणि मी गाडीतच मोठ्यांदा ओरडले. कॉलिन जिवंत असता तर म्हणाला असता, ग्लेनिस, कान फुटले की माझे!

रेन्मार्कचं घर विकलं तेव्हा टॅम्सिनने, माझ्या लेकीने, आकाशपाताळ एक केलं होतं. बाप जाऊन वर्ष झालं नाही, तुझं वय काय, तिथे फोनसुद्धा लागत नाही, वगैरे. तिने माझ्यासाठी ॲडलेडमध्ये वृद्धांच्या वसाहतीत एक खोली बघून ठेवलीय. गुरुवारी सगळ्यांनी गोल बसून टाळ्या वाजवत गाणी म्हणायची. मी? टाळ्या? गेल्या उडत! शेवटी पैज ठरली. नाताळला टॅम्सिन पोझीला घेऊन इथे येणार, चार दिवस राहून बघणार. म्हातारी नीट राहतेय असं तिला वाटलं तर पुन्हा विषय काढायचा नाही. नाही वाटलं तर मी गुमान वसाहतीत जायचं. शब्द दिलाय मी.

पोझी म्हणजे माझी नात, सात वर्षांची. पुढचे दोन दात पडलेत आणि जीभ तेवढी वाढलीय.

घर म्हणजे खोपटंच आहे. पत्र्याचं छप्पर, पावसाच्या पाण्याची टाकी आणि संडास बाहेर, त्यात लाल पाठीचा एक विषारी कोळी मुक्कामाला. पण पायरी उतरलं की वाळू आणि वाळूपुढे दक्षिण महासागर. अजून काय पाहिजे माणसाला?

शेजार एकच, क्लेम आणि व्हर्ना पोकॉक. दोघं सत्तरीची. क्लेमकडे होडी पाण्यात सोडायला एक गंजका ट्रॅक्टर आहे आणि ट्रॅक्टरपेक्षा तो स्वतः जास्त खडखडतो. व्हर्ना साफ केलेले मासे घेऊन आली. एक गंमत दिसली. त्यांच्या ओसरीवर व्हर्नाची खुर्ची टेकडीकडे तोंड करून आहे, समुद्राकडे पाठ. मी विचारलं तर म्हणाली, बघून झालाय समुद्र.

५ डिसेंबर
पोकॉकांनी माझ्या स्वागताला बार्बेक्यू केला. मासे, सॉसेज, बिटाची कोशिंबीर, थंडगार बिअर. खाऊन झाल्यावर क्लेमने घसा खाकरला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की इथे हवं तिथे पोह, पण वाळूत झेंडे दिसले तर त्यांच्या मध्ये जायचं नाही.

मी इतकी हसले की बिअर नाकात गेली. अरे, मी रेन्मार्कच्या तलावावर तीस वर्षं पोरांना पोहायला शिकवलंय! या देशातल्या पोराला स्वतःचं नाव लिहिता येण्याआधी कळतं की लाल-पिवळे दोन झेंडे दिसले की तिथे जीवरक्षक आहेत, तिथलं पाणी त्यांनी तपासलंय, तिथेच पोहायचं. झेंड्यांच्या मध्ये पोहा, हे वाक्य मी इतक्यांदा ओरडलेय की माझ्या थडग्यावर तेच लिहितील.

शिवाय नव्या माणसाला घाबरवल्याशिवाय आपल्या लोकांना जेवण कुठे जातं? कॉलिनने त्याच्या विलायतेहून आलेल्या साहेबाला झाडावरून डोक्यात उडी मारणारी अस्वलं सांगितली होती. बिचारा आठवडाभर हेल्मेट घालून फिरला. मी क्लेमला म्हटलं, मेल्या, तुझी अस्वलं जरा तरी बरी शोधायची होतीस!

दोघंही हसली नाहीत. व्हर्ना ताटल्या उचलून आत गेली. थट्टा करायची तर अशी, चेहऱ्याची सुरकुती हलू न देता. मानलं बाई.

८ डिसेंबर
रोज पोहतेय. पाणी असं गार की पहिल्या डुबकीला शिव्याच बाहेर पडतात. बाहेर आल्यावर अर्धा तास दात वाजत असतात, मग चहा, मग टोस्टवर खारट, काळं व्हेजिमाइट. गुडघा दुखायचा थांबलाय. किनाऱ्यावर माझ्याशिवाय चिटपाखरू नाही.

फोनला रेंज फक्त टेकडीवर. रोज तिथे चढून टॅम्सिनला फोन करते. आज पोझी म्हणाली, नॅन, मी आता उताणी तरंगते, कान पाण्यात बुडवून. म्हटलं शाब्बास, तुझ्या ममला मी चौथ्या वर्षी तेच शिकवलं होतं. तिन्ही नियम घडाघडा म्हणून दाखवले पोरीने. झेंड्यांच्या मध्ये पोहायचं. संकटात एक हात सरळ वर करायचा, म्हणजे कुणीतरी न्यायला येतं. आणि समुद्राच्या ओढीत सापडलं तर झगडायचं नाही, उताणं पडून तरंगत आडवं बाहेर पडायचं.

कॉलिनची राख नाताळला पोझीच्या हाताने समुद्रात सोडायची असं ठरवलंय.

१० डिसेंबर
आज अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

सकाळी पायरीवर चहा घेऊन आले तर समोर दोन झेंडे! किनाऱ्याच्या मधोमध, लाल-पिवळे, वाऱ्यावर फडफडतायत. मला तर आनंदच झाला. वाटलं, पालिकेने सुट्टीपुरते जीवरक्षक पाठवले, टॅम्सिनला सांगायला बरं. झेंड्यांच्या दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मध्ये पाणी हिरवंगार, सपाट. लाट फुटत नाही तिथे ओढ असते, हे मीच शिकवत आले. पण झेंडे रोवलेत म्हटल्यावर माणूस पाण्याकडे बघतोच कुठे?

टॉवेल टाकून निघाले तर मागून व्हर्ना झोपेच्या कपड्यांत पळत आली, हातात ॲल्युमिनियमचं पातेलं. माझा दंड असा धरला की वळ उठलाय. अगं बये, जाऊ नकोस, जाऊ नकोस, एवढंच बोलत होती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. झेंडे यांनीच रोवलेत! नव्या बाईची फजिती करायची म्हणून कुठून तरी आणून रोवलेत! मी व्हर्नाला सरळ सांगितलं की थट्टेला मर्यादा असते, झेंड्यांशी खेळ करू नये, त्याने माणसं मरतात. ती रडायला लागली. मी घरी आले आणि दार आपटलं.

दुपारी पाहिलं तर झेंडे नव्हते. काठ्या रोवल्याची भोकंही वाळूत नव्हती. सफाईने काम करतात म्हणायचं!

११ डिसेंबर
आज लिहिणारच. लिहिलं नाही तर उद्या मीच म्हणेन की भास झाला.

झेंडे पुन्हा होते. मला वाटलं, ठीक आहे, बघू कोण कुणाची फजिती करतं. पोकॉकांच्या घरासमोरून मान ताठ करून गेले आणि थेट झेंड्यांच्या मध्ये शिरले.

पाणी गरम होतं. या समुद्रात गरम पाणी नसतं. दोन पावलांत तळ गेला. पुढे माणसं दिसली, पाण्यात उभी. बाया, बाप्ये, पोरं. सगळ्यांचा एक एक हात सरळ वर. माझं डोकं चाललंच नाही. हात वर दिसला की जायचं, तीस वर्षांची सवय. मी सपासप पोहत निघाले. जवळ गेल्यावर कळलं की कुणी पाय मारत नाहीये. पाणी त्यांच्याभोवती हलतच नव्हतं. एका पोराने माझं मनगट धरलं. त्याचा हात चहाच्या कपासारखा गरम होता.

हिसका देऊन सुटले. उताणी पडून तरंगले, आडवी पोहले, सगळं शिकवलं तसं. मान वळवून पाहिलं तर झेंडे माझ्या दोन्ही बाजूंना. आणखी पोहले, पुन्हा पाहिलं. झेंडे माझ्याबरोबर सरकत होते. जिथे जाईन तिथे मी त्यांच्या मधोमध.

तेवढ्यात किनाऱ्यावर कुणीतरी पातेलं बडवायला लागलं. मी डोळे मिटून घेतले आणि त्या आवाजाकडे पोहत राहिले. एकदाही बघितलं नाही. पाणी गार झालं तेव्हा मी रडले.

व्हर्नाने ब्लँकेट गुंडाळलं. मी माफी मागितली. मग क्लेम बोलला. त्यांचा मुलगा रॉडनी असाच झेंडे बघून गेला, एकोणीस वर्षांचा होता. पोलीस आले तेव्हा झेंडे नव्हते, कुणी ऐकून घेतलं नाही. क्लेमच्या आजोबांच्या वेळी झेंडे कुठले? तेव्हा होड्यांच्या धक्क्यावरचा कंदील दिसायचा, जिथे धक्काच नव्हता तिथे. माणूस ज्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवतो त्याचं सोंग घ्यायला हे पाण्यातलं जे काही आहे ते शिकतं, म्हणाला. मी विचारलं, याला हवंय काय? क्लेम म्हणाला, घेऊन जातं एवढं माहीत आहे, काय हवंय ते ठाऊक नाही.

म्हणून ही दोघं इथून हलत नाहीत. कुणी आलं तर सांगायला कुणीतरी हवं ना. आणि मी नाकातून बिअर काढत हसले.

१३ डिसेंबर
जाणार नाही. दोन दिवस विचार केला आणि नाहीच जाणार. समुद्र काय याच्या बापाचा आहे? झेंडे टाळून पलीकडच्या टोकाला पोहून आले, मुद्दाम. शिव्या देत पोहले.

कॉलिनचा डबा कपाटात ठेवलाय. याला कॉलिन मिळणार नाही.

पण पोझी. झेंडे दिसले की पोर धावत सुटणार, आणि ते मीच शिकवलंय तिला. पैज गेली चुलीत. तिला इथे येऊ द्यायचं नाही.

१५ डिसेंबर
टॅम्सिनला फोन केला. काय सांगणार? समुद्रात झेंडे फिरतात म्हटलं तर ती वसाहतीत नाही, वेड्यांच्या इस्पितळात खोली बघेल. सांगितलं की मला उलट्या होतायत, साथ आहे, येऊ नका, नाताळला मीच ॲडलेडला येते.

मूर्ख बाई मी. आयुष्यात कधी पैज सोडली नाही ती आज सोडली. टॅम्सिन म्हणाली, मम, तू कधी माघार घेतलीयस? काय झालंय ते खरं सांग. मी म्हटलं काही नाही. ती म्हणाली, मी लवकर निघते.

नको म्हणून ओरडले तर रेंज गेली.

१८ डिसेंबर
झेंडे आता रोज. रोज थोडे अलीकडे. आज माझ्या पायरीसमोर.

क्लेमची कुऱ्हाड घेऊन गेले. काठीवर घाव घातला, तर ओल्या मांसावर बसावा तसा बसला. उपटायला गेले. जेवढी वर ओढली तेवढी ती खालून लांबतच गेली. व्हर्ना ओरडत होती, सोड, सोड. मी काठीला लाथ घातली आणि म्हटलं, माझी नात येतेय, तिच्याकडे बघायचं नाही.

सांगायला नको होतं त्याला.

२० डिसेंबर
आल्या. आणि सकाळपासून झेंडे नाहीत. एकही नाही! किनारा कसा धुतल्यासारखा. मला खोटं पाडायचंय याला.

टॅम्सिनला सगळं सांगितलं. लपवून काय मिळवलं? तिने किनारा पाहिला, मला पाहिलं. मग फार हळू आवाजात म्हणाली, मम, उद्या सकाळी आपण तिघी निघतोय. तू पण. तुझी खोली तयार आहे.

मी म्हटलं, येते.

तिला भांडण हवं होतं. मी येते म्हटल्यावर तिला रडूच आलं. टाळ्या वाजवीन, गाणी म्हणेन, काय वाटेल ते करीन. पण पोझी इथून बाहेर.

पोझीला मांडीवर घेऊन सांगितलं की इथे नियम उलटे. झेंडे दिसले तर पळायचं. पाण्यात कुणीही हात वर केलेला दिसला, मम दिसली, मी दिसले, तरी जायचं नाही. ती म्हणाली, पण नॅन, तूच तर सांगतेस! मी म्हटलं, हो, आणि आज मीच बदलतेय. शपथ घेतली तिने. दात नसलेल्या तोंडाने, पण घेतली.

२१ डिसेंबर, सकाळ
पेन धरवत नाही. बोटं गारठलीत. पण जिंकले! जिंकले मी!

सामान गाडीत भरलं होतं. पोझी संडासात. टॅम्सिन वाळत घातलेले टॉवेल काढायला गेली आणि एकदम किंचाळली, पोझी! झेंडे — अगदी समोर. मध्ये पोझी, हात वर. मी ओरडले, ती नाही, पोझी इथे आहे, ती नाही — तोवर टॅम्सिन पाण्यात. आईच ती. थांबते कशाला?

क्लेमने ट्रॅक्टर आणला. दोर माझ्या कमरेला, दुसरं टोक ट्रॅक्टरला. व्हर्ना पातेलं बडवायला लागली. मी डोळे मिटले आणि शिरले. गरम पाणी. चाचपडत राहिले. सगळीकडे हात, माझ्या तोंडाला, केसांना. मी ओरडले टॅम्सिन — आणि एकीने माझं मनगट घट्ट धरलं. मी तिला दोन्ही हातांनी कवटाळलं, क्लेमला हाक दिली. ट्रॅक्टरने ओढलं. वाळू लागेपर्यंत डोळे उघडले नाहीत.

उघडले तर टॅम्सिन! माझी टॅम्सिन! आजवर याने कुणाला परत दिलं नव्हतं, क्लेम म्हणाला, रडत होता. मी समुद्राला तोंड भरून शिव्या दिल्या.

बोलत नव्हती ती. धक्का बसलाय. व्हर्ना तिला आणि पोझीला टॅम्सिनच्याच गाडीतून गावातल्या इस्पितळात घेऊन गेलीय. क्लेम टेकडीवर चढलाय, डॉक्टरांना फोन करायला. मी कपडे बदलून त्याच्या पिकअपमधून मागोमाग जाणार. तेवढ्यात लिहितेय. कॉलिन, ऐकतोयस ना? तुझी बायको अजून —

अजून थरथरतेय मी. क्लेम तर आम्हाला बाहेर घ्यायला कमरेपर्यंतच पाण्यात आला होता, त्याचेही दात वाजत होते.

टॅम्सिन थरथरत नव्हती.

ब्लँकेट दिलं, घेतलं नाही. गाडीत बसताना पोझीने तिचा हात धरला आणि म्हणाली — काय म्हणाली — नॅन, ममचा हात बघ, मस्त गरम आहे —

गरम.

झेंडे अजून तिथेच आहेत. मध्ये हात वर केलेलं कुणी नाही आता. एकही नाही. हेच हवं होतं याला, जमिनीवर यायचं होतं. कुणीतरी ओढून काढायला हवं होतं, आणि मी —

कुणीतरी एकच आहे पाण्यात. लांब. उताणी. कान पाण्यात बुडवून, हात पसरून, आडवी आडवी सरकतेय. हात वर नाही.

चौथ्या वर्षी शिकवलं होतं मी तिला.

क्लेम — हाक मारली, वाऱ्यात ऐकू गेली नाही. वही ट्रॅक्टरच्या सीटवर उघडी ठेवतेय. वाचलंस की गाडी काढ. व्हर्नाला गाठ. पोझीच्या शेजारी बसलीय ती टॅम्सिन नाही. पोझीला आधी उतरव, बाकी मग. मी लेकीला आणायला चाललेय, दोराशिवाय, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून. याच्या डोळ्यात बघून आणणार.

परत येऊन मला किनाऱ्यावरून बघशील, तर लक्षात ठेव. पाण्यात मी हात वर केलेला दिसला तर पाठ फिरव. ती मी नसेन. ग्लेनिस हार्टिगनने आयुष्यात कधी हात वर के —